नवा गिझर सारखा तापून बंद पडतोय? रीसेट दाबण्याआधी हे तपासा

दिवाळी तोंडावर आली की गोव्यात दोन गोष्टींची घाई उडते. वाड्यावर नरकासुराचा सांगाडा उभा करायचा असतो आणि अभ्यंगस्नानाआधी घरात गिझर बसवून घ्यायचा असतो. मग महिनाभरात फोन सुरू होतात आणि त्यातली एक तक्रार ठरलेली असते. गिझर नवा कोरा, पण पाणी कढत येतं, नळातून वाफ फुसफुसते आणि मग गिझर गपगार पडतो. सर्व्हिसचा माणूस येतो, खालचं झाकण काढून एक बटण दाबतो, लाइट लागते, तो निघून जातो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

ते बटण म्हणजे थर्मल कटआउटचं रीसेट. गिझरमध्ये तापमान सांभाळायला दोन पहारेकरी असतात. रोजचं काम थर्मोस्टॅट करतो: पाणी ठरलेल्या अंशावर गेलं की वीज तोडतो, निवलं की जोडतो. तो चुकला आणि पाणी मॉडेलनुसार साधारण ८५ ते ९५ अंशांच्या आसपास पोचलं, तर कटआउट पडतो आणि बऱ्याच गिझरमध्ये तो हाताने दाबल्याशिवाय पुन्हा बसत नाही. मुद्दामच तसा केलेला असतो, कारण तो पडला याचा अर्थ कुणीतरी येऊन कारण शोधायला हवं. कारण न शोधता बटण दाबून जाणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणत नाही. आणि गिझर नवा असेल तर माझा पहिला संशय गिझरवर नसतो, तो बसवताना काय काय झालं त्यावर असतो.

आधी धोक्याचं बोलू. जुन्या घरांच्या न्हाणीत चुलीवर भाण बसवलेलं असायचं. त्याचं तोंड उघडं, त्यामुळे कितीही जाळ घातला तरी पाणी १०० अंशांवर उकळायचं आणि वाफ वर निघून जायची. गिझरची टाकी बंद असते. वरच्या टाकीचं पाणी गिझरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर आतलं पाणी १०७ अंशांपर्यंत न उकळता तापू शकतं. प्रेशर पंप लावून २ बार दाब दिला असेल तर १३३ अंशांपर्यंत. असं पाणी नळातून बाहेर आलं की त्यातल्या काही भागाची तिथल्या तिथे वाफ होते. ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, मग याचं काय सांगायचं. म्हणून वाफ दिसली की नळ उघडून ‘सोडून देऊ थोडं’ असं करू नका. वीज तोडा, न्हाणीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि गिझर काही तास तसाच निवू द्या. वीज तोडायची म्हणजे नुसता भिंतीवरचा स्विच नव्हे, दोन्ही तारा तोडणारा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) पाडा. का, ते पुढे येईल.

नक्की काय तापतंय?

फोनवर ‘गिझर गरम होतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचं पाणी जास्त तापत असतंच असं नाही. कुणाचा पिनटॉप तापून पिवळा पडलेला असतो. तो दोष सॉकेटचा. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपियर ओढतो. १६ अँपियरच्या सॉकेटात पिन सैल बसली, किंवा वायर स्क्रूखाली नीट दाबली नाही, की तिथेच उष्णता साठते. त्यासाठी थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही. कुणाचं पाणी ठीकच असतं, पण जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून घरचे घाबरलेले असतात. आणि कुणाचं पाणी खरोखरच मर्यादेबाहेर तापत असतं. हे तिन्ही वेगळे आजार आहेत.

पाणी खरंच जास्त तापतंय का, हे घड्याळ आणि थर्मामीटरवर कळतं. थर्मामीटर स्वयंपाकघरातला चालेल, तापाचा नव्हे. गिझरमधलं गरम पाणी पूर्ण संपवा, नळाला साधं पाणी येऊ द्या, नळ बंद करा आणि गिझर लावा. आपल्याकडे टाकीतलं पाणी बहुतेक वर्षभर २७ अंशांच्या आसपास असतं. २ किलोवॉटचा एलिमेंट (पाणी तापवणारी आतली नळी) १५ लिटर पाणी मिनिटाला साधारण २ अंश तापवतो, म्हणजे ६० अंशांला पोचायला १७ ते १८ मिनिटं. २५ लिटरच्या टाकीला अर्धा तास धरा. ६० वर ठेवलेल्या १५ लिटरच्या गिझरची लाइट २५ मिनिटं झाली तरी विझत नसेल, तर थर्मोस्टॅट तोडत नाहीये. गिझर बंद करा, तपासणी तिथेच संपली. लाइट वेळेत विझली, तर बादलीत पाव भाग गरम पाणी हळू सोडून मोजा. आकडा ठीक आला तर गिझर तासभर तसाच लावलेला राहू द्या, नळ अजिबात उघडू नका, आणि मग पुन्हा मोजा. लाइट विझलेली असूनही पाणी चढत गेलेलं दिसलं, तर गोष्ट गंभीर आहे. तिच्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

तत्पूर्वी एक सोपं कारण, जे आश्चर्य वाटावं इतक्या घरांत सापडतं: थर्मोस्टॅटचं बटण शेवटच्या टोकाला फिरवून ठेवलेलं असतं. बसवणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक खूश होईल. उभ्या टाकीत थर्मोस्टॅट खाली असतो आणि थंड पाणीही खालूनच शिरतं. कुणी हात धुवायला, कुणी दोन भांडी विसळायला असं सारखं थोडं थोडं पाणी काढत राहिलं, की दर वेळी थर्मोस्टॅटभोवती थंड पाणी येतं आणि तो पुन्हा वीज जोडतो. वरचा थर मात्र आधीच तापलेला असतो, तो आणखी तापतो. बटण ७५ वर असेल तर वरचं पाणी कटआउटच्या आकड्याजवळ सहज जातं. चवथीला घरात पंधरा-वीस माणसं जमली की नेमका असा वापर होतो, आणि होमस्टेवाल्यांकडे तर रोजच. इलाज फुकटचा आहे: ६० वर आणा. ६० अंशांचं १५ लिटर पाणी २७ अंशांच्या पाण्यात मिसळलं तर ४० अंशांचं जवळजवळ ३८ लिटर होतं, म्हणजे चांगल्या दोन बादल्या. गोव्यात याहून जास्त कशाला हवं? फार खालीही नको, ५० च्या खाली कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

प्लंबरने काय केलं?

निळी खूण थंड पाण्याची, लाल गरमची. भिंतीतले पाइप टाइल्स लागण्याआधी घातलेले असतात आणि कुठला कुठे गेला हे नंतर कुणालाच आठवत नाही. उलटे जोडले गेले तर थंड पाणी टाकीच्या वरच्या टोकाला पडतं, हवा तिथेच अडकते आणि पाणी एकसारखं तापत नाही. निळ्या तोंडावर बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते, ती अशा जोडणीत पाणी अडवते. मग ‘नळाला पाणीच येत नाही’ म्हणून कुणीतरी व्हॉल्व्हच काढून टाकतो. हा सगळ्यात वाईट शेवट.

व्हॉल्व्ह काढण्याचं दुसरं कारण म्हणजे त्यातून पडणारे थेंब. नव्या टाइल्सवर पाणी सांडतं, घरमालकीण वैतागते आणि प्लंबर थेंबाच्या नळीला बूच मारतो. यात बिघाड काहीच नसतो. २७ वरून ६० अंशांला गेलेलं पाणी सव्वा टक्क्याहून थोडं जास्त फुगतं, म्हणजे १५ लिटरमागे सुमारे २०० मिलिलीटर. मागची झडप बंद आणि नळही बंद, तर तेवढं पाणी जाणार कुठे? दाब वाढून ते व्हॉल्व्हमधूनच ठिबकणार. एका तापवणीला चहाच्या दोन कपांएवढं पाणी पडलं तर ते नीट चाललंय. गिझर थंड असतानाही सतत धार लागली, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा पंपाचा दाब जास्त झालाय. ठिबक नको असेल तर नळीला लहान पाइप जोडून तो गटाराच्या जाळीपर्यंत न्या. बूच कधीही मारू नका.

ती झडप आणखी एका कामाची आहे. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं आणि उन्हाळ्यात टाकी मध्येच रिकामी होते. वरची टाकी सुकली आणि खालच्या मजल्यावर किंवा परसातला नळ कुणी उघडला, तर झडप नसलेल्या गिझरमधलं पाणी थंड लाइनीतून मागे ओढलं जातं. गिझर अर्धा रिकामा, वरचा भाग वाफेने भरलेला, आणि आडवा गिझर असेल तर एलिमेंटचा भाग उघडा. खूण अशी: गरम नळ उघडला की आधी फस्स फस्स करून हवा येते आणि मग पाणी. रोज सकाळी हे होत असेल तर थर्मोस्टॅटला दोष देऊ नका, झडप आणि टाकीतलं पाणी पाहा.

पाइपांबद्दल इतकंच, की गरम लाइनीला साधा पांढरा पीव्हीसी नको. तो ६० अंशांच्या जवळ मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा धातूचा घ्या.

छोटा इन्स्टंट गिझर

३ लिटरचा, ३ किलोवॉटचा गिझर पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर मोठ्या गिझरचं वरचं गणित विसरा. इथे सगळं पाण्याच्या धारेवर आहे. मिनिटाला ३ लिटर पाणी वाहत असेल तर ते सुमारे १४ अंशांनी तापतं, १ लिटरच वाहत असेल तर ४३ अंशांनी. म्हणजे २७ चं पाणी ७० वर. कौलारू घरात पाण्याची टाकी न्हाणीच्या वरच्याच माळ्यावर असते, उंचीचा फरक जेमतेम मीटरभर, दाब नाहीच. त्यात शॉवर लावला की धार करंगळीएवढी होते आणि कटआउट पडतो. नळाखाली लिटरची बाटली भरून वेळ मोजा. भरायला ३० सेकंदांहून जास्त लागत असतील तर तिथे इन्स्टंट गिझर शोभत नाही. टाकी उंच करा किंवा साठवणीचा १० लिटरचा घ्या. गॅस गिझर हा पर्याय म्हणून मी बंद न्हाणीसाठी कुणालाच सुचवत नाही. त्याच्या जळण्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

लाइट विझली तरी पाणी तापतंय

आता ते गंभीर प्रकरण. फोंडा तालुक्यातलं जुनं घर, मागच्या अंगाला नवी न्हाणी बांधलेली. १५ लिटरचा गिझर. महिन्याभरात सर्व्हिसवाल्यांनी कटआउट रीसेट केला, थर्मोस्टॅट बदलला, नंतर दुसऱ्यांदा बदलला. घरातल्या आजीबाईंचं म्हणणं एकच: “बाब, हा बंद केला तरी आत कुरकुरतो.” कुणी मनावर घेतलं नव्हतं.

त्यांचं बरोबर होतं. स्विच बंद, लाइट बंद, आणि गिझरला कान लावला तर आतून पाणी तापतानाचा बारीक आवाज. टेस्टर लावून पाहिलं. आपल्या तीन पिनांच्या सॉकेटसमोर उभं राहिलं, वर अर्थिंगचं मोठं भोक, तर फेज (जिवंत तार) उजव्या बाजूला हवा. इथे तो डावीकडे होता, आणि स्विच बंद असतानाही टेस्टर पेटत होता. जुन्या भागातून नव्या न्हाणीकडे वायर ओढताना जोडपेटीत फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) अदलाबदल झाले होते. स्विच न्यूट्रल तोडत होता आणि गिझरपर्यंत फेज कायम जिवंत होता.

नुसत्या अदलाबदलीने पाणी तापत नाही. दुसरा अर्धा भाग एलिमेंटमध्ये होता. गिझर बसवला त्या दिवशी पाण्याची लाइन जोडायची राहिली होती आणि ‘लाइट लागते का बघू’ म्हणून वायरमनने रिकाम्या टाकीवर गिझर लावला होता. कोरडा तापलेला एलिमेंट काही मिनिटांत जातो. याचा पूर्ण जळला नव्हता, बाहेरच्या नळीला तडा गेला होता आणि आतली तार पाण्यातून अर्थिंगला मिळाली होती. आता थर्मोस्टॅट ‘तोडतो’ ते न्यूट्रल. वीज फेजमधून एलिमेंटच्या अर्ध्या तारेत शिरते आणि तड्यातून अर्थिंगला जाते. २ किलोवॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम. तडा मध्यावर धरला तर १३, त्यात अर्थिंगच्या वाटेचे समजा १० मिळवा, तर २३ ओहमला १० अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी एवढ्याने हलतही नाही, आणि एलिमेंट १,३०० वॉटने तापत राहतो. थर्मोस्टॅट दहा वेळा बदलला तरी फरक पडणार नाही, आणि कटआउट पडला तरी तापणं थांबत नाही. तोही बिचारा न्यूट्रलच तोडतो.

मग गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी का पडला नाही? ३० मिलिअँपियरची गळती झाली तरी तो पडायलाच हवा. मीटरच्या पेटीत पाहिलं तर तो होता, पण गिझरची वायर त्याला वळसा घालून नेलेली. विचारल्यावर कळलं, गिझर लावला की ‘घरातली सगळी वीज जायची’ म्हणून वायरमनने ती ‘सोय’ करून दिली होती. जे यंत्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं, त्यालाच बाजूला बसवलं होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, आमचं अर्थिंग तर धड नाहीच, मग आमच्याकडे असं होणार नाही. अर्थिंग खराब असेल तर पाणी कमी तापेल, पण तीच वीज गिझरच्या अंगावर आणि नळावर येईल. जांभ्याची जमीन पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग बरं असतं, एप्रिल-मेमध्ये तीच जमीन कोरडी पडली की रोध चढतो. त्यामुळे दिवाळीत जास्त तापणारा गिझर उन्हाळ्यात नळाला झिणझिण्या आणू शकतो. दोष एकच, रूप दुसरं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी सवय सोडू नका.

त्या घरी एलिमेंट बदलला, जोडपेटीतल्या तारा सरळ केल्या, गिझर परत आरसीसीबीवर घेतला आणि साध्या स्विचऐवजी २० अँपियरचा डीपी स्विच लावला. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. थर्मोस्टॅटला हात लावला नाही, तो चांगलाच होता. ही कामं घरच्या कुणी करू नयेत. पण टेस्टरने फेज उजवीकडे आहे का हे वायरमनकडून समोर उभं राहून तपासून घेणं, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघणं, यात अवघड काही नाही.

क्षारांचं काय?

मोबाइलवरच्या व्हिडिओंत हमखास सांगतात, एलिमेंटवर क्षार साचले म्हणून गिझर तापतो. जड पाण्याच्या मुलखात ते खरं असेल. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीहून येणारं नळाचं पाणी तसं मऊ, आणि जांभ्यातल्या विहिरींचंही. दोन महिन्यांच्या गिझरवर क्षारांचा थर चढला असं कुणी गोव्यात सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आपला त्रास वेगळा आहे. डिचोली-सांगेकडच्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं, त्याचा तांबूस गाळ तळाशी बसतो. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात आणि त्या मिठाने एलिमेंटची नळी आणि टाकी दोन्ही खाल्ली जातात. असं पाणी असेल तर वर्षाला एकदा टाकी धुऊन, टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड तपासून घ्या. पण ही पुढची देखभाल झाली, नव्या गिझरच्या तापण्याचं कारण नव्हे.

सर्व्हिसला फोन करताना ‘गरम होतो’ एवढंच सांगू नका. लाइट किती मिनिटांनी विझली, तेव्हा पाणी किती अंशांवर होतं, तासाभराने किती झालं, नळातून आधी हवा येते का, आरसीसीबी पडतो का, हे कागदावर लिहून ठेवा आणि तोच कागद माणसासमोर धरा. थर्मोस्टॅटचा सेन्सर त्याच्या नळीत पूर्ण आत बसलाय का, हे त्याला उघडून दाखवायला सांगा. वाहतुकीच्या हिसक्यांनी तो बाहेर सरकतो, मग त्याला पाणी आहे त्यापेक्षा थंड वाटतं. वॉरंटी चालू असताना झाकण स्वतः उघडू नका. काय बदललं आणि का बदललं, ते जॉबकार्डावर लिहून घ्या. तो निघायच्या आधी त्याच्यासमोरच घड्याळ लावून पाणी तापवा, आणि लाइट विझल्यावर त्याला अर्धा तास चहाला थांबवून पाणी पुन्हा मोजा.